दुसऱ्या दिवशीचं पान

निखिलचा फोन आला तेव्हा मी कुंदाताईंचा डबा भरत होते. मऊ भात, वरणाचं वरचं पाणी, मीठ बेताचं. सकाळचे दहा वाजले असतील. अकरा दिवस हाच क्रम चालला होता, दहाला डबा भरायचा, साडेदहाला ऑटो पकडायचा, अकराला दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसायचं. "काकू, डबा नका आणू," एवढंच निखिल म्हणाला. मी म्हटलं, "काहून रे, डॉक्टरांनी मना केलं का?" तो परत तेच म्हणाला, "नका आणू काकू," आणि मग मला समजलं. डब्याचं झाकण लावलेलं होतं, ते मी उघडलं, आत पाहिलं, पुन्हा लावलं. रडू आलं नाही. पाय फार दुखत होते, हे मात्र आठवतं. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिले. हे आत आले आणि माझ्याकडे पाहून त्यांनीच गॅस बंद केला.

कुंदाताई माझ्या थोरल्या जाऊ. आता त्यांना जाऊन अडीच महिने होतील. जबलपूरला मदन महल भागातल्या आमच्या घरात त्या वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. भावजी फार लवकर गेले, मुलगा निखिल नोकरीसाठी पुण्याला, त्यामुळे वर त्या एकट्याच असत. आजकाल लोक भेटतात तेव्हा "किती शांत बाई होत्या" म्हणतात, आणि मी मान हलवते. शांत होत्या हे खरं. पण घरात एक शांत असली की दुसरीला बोलायला रान मोकळं मिळतं, आणि ती दुसरी मी. अठ्ठावीस वर्षं शाळेत हिंदी शिकवलं, पोरींना ओरडून ओरडून घसा मोठा झाला आणि जिभेला तर मुळातच हाड नव्हतं. हे लिहायला बसले ते ताईंची थोरवी सांगायला नाही. मला एक गोष्ट बोलून टाकायची आहे, आणि ती आता घरात कोणासमोर बोलायचं त्राण नाही.

मी अमरावतीहून लग्न होऊन आले तेव्हा ताई बडा फुहाऱ्याजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करत होत्या. संध्याकाळी घरी आल्या की चप्पल दारात, पर्स खुंटीला, आणि सरळ मोरीत. कोपरापर्यंत हात धुवायच्या, नखांत ब्रश घालून. तोवर लेकरू कितीही रडो, उचलायच्या नाहीत. सासूबाई म्हणायच्या, "सोवळं आम्हाला शिकवता अन् खुद्द दिवसभर लोकांचं काय काय तपासता!" मी नवी नवरी, हसून घ्यायचे. पुढे मीच त्यांचं नाव साबणबाई ठेवलं. त्याही हसायच्या. एकदा मी हट्टच धरला म्हणून त्या मला लॅबमध्ये घेऊन गेल्या. काचेची चपटी डबी दाखवली. आत फिकट थर, त्यावर जंतू वाढवलेले, आणि जागोजागी औषधाच्या कागदी टिकल्या ठेवलेल्या. ज्या टिकलीचं औषध चालतं तिच्याभोवती जंतू उगवत नाही, गोल स्वच्छ जागा राहते. "सडा टाकलेलं अंगण कसं दिसते, तसं पाहा," ताई म्हणाल्या. त्या दिवशीच्या डबीत सगळ्याच टिकल्यांभोवती अंगणं होती. नळाचं पाणी प्यायलेल्या कोण्या मास्तराच्या टायफॉइडची ती डबी होती. ताई खूश होत्या. म्हणाल्या, "याला काहीही दिलं तरी हा बरा होते."

त्यांच्या रिपोर्टमध्ये एका बाजूला औषधांची नावं असत आणि प्रत्येकापुढे एक इंग्रजी अक्षर. एस म्हणजे औषध लागू पडतं, आर म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. मी आले त्या काळात कागदभर एस असायचे. एखादा आर निघाला तर ताई घरी येऊन सांगायच्या, कोणाच्या घरी चोरी झाल्यासारखं. मग महिन्यात दोन-चार, मग आठवड्यात. मग त्यांनी सांगणं बंद केलं. निवृत्तीच्या आधी दोन-तीन वर्षं तर त्या घरी येऊन नुसत्या पलंगावर बसून राहायच्या. मी चहा घेऊन वर गेले की म्हणायच्या, "आता अंगणच राहत नाही गं डबीत. सगळीकडे तेच तेच उगवून राहिलं." मी म्हणायची, "ताई, नोकरी आहे, पगार घ्यायचा अन् विसरायचं." त्या चहा प्यायच्या. आता वाटतं, अशा बाईला मी किती वेळा चहा दिला आणि कधीच काही विचारलं नाही.

विचारलं नाही त्याला कारणही होतं. माझा डबा. बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा, त्यात घरभराच्या उरलेल्या गोळ्या. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितलं, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, की उरलेली पट्टी डब्यात. पुढच्या वेळी कोणाला ताप आला, पोट बिघडलं, की डबा उघडायचा. मला त्याचा अभिमान होता हो! शेजारपाजारच्या बाया यायच्या, "दीदी, वो पेट वाली गोली है क्या?" आणि मी पट्टीतून दोन कापून द्यायची. अधारतालला राहणारी माझी नणंद तर फोनवर लक्षणं सांगायची आणि मी तिच्या पोराच्या हाती गोळ्या धाडायची. एकदा ताई खाली आल्या, तेव्हा मी कोणालातरी गोळ्या देत होते. बाई गेल्यावर म्हणाल्या, "सुनंदा, तू काहून अशा गोळ्या वाटून राहिली? दोन गोळ्यांनी जंतू मरत नाही, शिकते फक्त." मी फटकन म्हटलं, "मग तुम्ही उघडा न दवाखाना." त्या वर निघून गेल्या. महिनाभर आमचं बोलणं कामापुरतं. त्या पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत आणि डबाही जागच्या जागी राहिला.

आणि दुसरा विषय महालक्ष्म्यांचा.

आमच्याकडे विदर्भातल्या रीतीनं भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. दुसऱ्या दिवशी त्यांचं जेवण. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, कढी, वडे, खीर. सकाळपासून शिजवायचं, देवीच्या आधी कोणी चाखायचं नाही, संध्याकाळी पानं वाढायची आणि समोर पडदा ओढायचा. देव्या जेवतात, आपण बघायचं नाही. ती पानं रात्रभर पडद्याआड तशीच राहतात. तिसऱ्या दिवशी दुपारी आरती करून पडदा काढायचा, आणि ते पान घरच्यांनीच संपवायचं. बाहेर द्यायचं नाही, टाकायचं तर नाहीच. अमरावतीला माझ्या माहेरी पान त्याच संध्याकाळी घ्यायचे. इथली रीत वेगळी, आणि सून म्हटल्यावर मी तीच माझी मानली. भाद्रपदातलं जबलपूर कसं असतं ते ज्यानं पाहिलं त्यालाच माहीत, पाऊस थांबलेला, दमट घाम, भिंतीसुद्धा ओलसर.

ताईंनी त्यावर एकदाच तोंड उघडलं होतं. माझ्या लग्नानंतरचं दुसरं-तिसरं वर्ष असेल. म्हणाल्या, "आई, देव्या जेवल्या की खीर अन् भाज्या वर माझ्या फ्रिजात ठेवू. सकाळी परत मांडू." सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "ज्या फ्रिजात तुम्ही अंडी ठेवता, उष्टं ठेवता, त्याच्यात देवीचं पान? चलो, हेच राहिलं होतं!" मी तिथंच होते. मी हसले. त्या वर्षापासून तिसऱ्या दिवशी दुपारी ताईंची नेमकी ड्यूटी लागायला लागली. निवृत्तीनंतर ड्यूटी संपली तर पित्त व्हायला लागलं. सासूबाई जाऊन बारा वर्षं झाली. त्यानंतर घरात सांगणारी मीच होते, मनात आणलं असतं तर त्याच वर्षी रीत बदलली असती. पण सुंभ जळला तरी पीळ राहतो, सासूबाईंचा हट्ट मी त्यांच्यापेक्षा जास्त जपला. कारण खरं सांगायचं तर मला देवीपेक्षा ताईंवर मात करायची असायची. त्या शिकलेल्या, नोकरीत माझ्या आधी लागलेल्या, आणि कधीही आवाज न चढवणाऱ्या. अशा माणसाला हरवल्याशिवाय चैन पडत नाही.

यंदा तिसऱ्या दिवशी घर भरलेलं होतं. नणंद आलेली, तिची सून, शिवाय माझी सून रिचा. रिचा इथलीच, हिंदी घरातली. मराठी सगळी समजते, बोलताना लाजते. पडदा काढला, आरती झाली, मी वाट्या भरत होते. रिचानं सहज विचारलं, "बड़ी मम्मी, आप नहीं लेंगी?" ताई म्हणाल्या, "मी मागून बघते बेटा, पित्त आहे थोडं." आणि मी, सगळ्यांसमोर, वाटी हातात धरून म्हणाले, "अगं रिचा, त्यांची देवी लॅबमध्ये बसते. आपल्या गरिबाघरची देवी त्यांना नाही चालत." बाया हसल्या. नणंद सगळ्यात मोठ्यानं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. थकलेल्या माणसाला कोणी अजून एक जिना चढायला सांगावं, तसं पाहिलं. मग म्हणाल्या, "आण, चलो. वाटी आण." दोन चमचे खीर आणि वरून चिमूटभर भाजी. "चांगली झाली आहे खीर," म्हणाल्या. मी जिंकले होते. त्या आनंदात मी स्वतः दोन वाट्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून एकेकाचं सुरू झालं. पोटात मुरडा, जुलाब, ताप. मी, हे, रिचा, तिकडे अधारतालला नणंद आणि तिची सून. मी बिस्किटांचा डबा काढला आणि जे हाती लागलं ते दोन-दोन गोळ्या वाटून दिलं. ताईंच्याही दारात गेले. त्या भिंतीला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मला नको. तू पण नको देऊ कोणाला. मीठ-साखरेचं पाणी प्या, तुम्ही सगळे तीन दिवसांत उठता. गोळी न खाता आधी तपासायला दे." मला वाटलं, एवढ्यातही यांची लॅब सुटत नाही. पण झालं त्या म्हणाल्या तसंच. आम्ही सगळे तीन-चार दिवसांत उठलो. गोळ्यांनी उठलो की पाण्यानं, देव जाणे. ज्यांनी वाट्या भरभरून खाल्ल्या ते उठले, आणि जिनं दोन चमचे खाल्ले ती उठली नाही. ताईंना मधुमेह होता, संधिवातासाठी रोज एक गोळी होती जिनं अंगातली लढायची ताकद दबून राहते. हे मला माहीत होतं. म्हणजे, कानावर होतं.

चौथ्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप भरला तेव्हा दवाखान्यात नेलं. पुण्याहून निखिल आला. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगायचे. जंतू पोटातून रक्तात उतरला आहे, साल्मोनेला म्हणतात त्याला, टायफॉइडवाल्याचाच भाऊबंद. रक्त तपासायला पाठवलं आहे, तोवर अंदाजानं औषध सुरू. रिपोर्टला तीन दिवस लागतील. त्या तीन दिवसांत ताप उतरेना. ताईंना मात्र घाई नव्हती, त्यांना माहीत होतं डबीत जंतू उगवायला वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी कागद आला तेव्हा त्यांनी चष्मा मागितला. निखिल नको म्हणत होता. मीच पर्समधून काढून दिला. त्या कागद डोळ्यांजवळ नेऊन वरून खाली वाचत गेल्या, बोट एकेका अक्षरावर ठेवून. आर... आर... आर... पार खाली गेल्यावर बोट थांबलं. "दोन एस आहेत," म्हणाल्या. "डॉक्टरला सांग, खालून दुसरं." डॉक्टरांनी तेच औषध आधीच लिहिलं होतं. पण मधल्या दिवसांत मूत्रपिंडं दमली होती.

त्यानंतर एका दुपारी वॉर्डमध्ये आम्ही दोघीच होतो. निखिल खाली औषध आणायला गेला होता. मी त्यांचे पाय चेपत होते, पायांवर सूज आली होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "ताई, मी तसं बोलली नसती तर तुम्ही खीर नसती न खाल्ली?" त्या डोळे मिटून होत्या. वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, "मी काही कुकुलं बाळ आहे का? चमचा माझ्याच हातात होता."

"पण ताई, माझ्या त्या गोळ्या... तो डबा..."

"हे आर काही तुझ्या डब्यानं आले नाही गं. घरोघरी डबे आहेत. दुकानात मागितलं की देऊन राहिले, डॉक्टर लिहून राहिले, कोंबड्यांच्या दाण्यात टाकून राहिले. एकट्या तुझ्या नावावर कसं मांडू?" नर्स येऊन बाटली बदलून गेली. ताई म्हणाल्या, "चूक झाली ती माझी पण झाली. एवढी वर्षं मी स्वतः खाल्लं नाही, तुम्हाला मात्र खाऊ दिलं. ड्यूटी म्हणून पळाली, पित्त म्हणून पळाली. मला ठाऊक होतं न... एकदा सांगितलं, आईंनी नाही ऐकलं, मी चूप. भांडायचं जिवावर यायचं सुनंदा. तुझ्यासारखा गळा नाही न मला."

त्या हे बोलून थोडं हसल्या. मला माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी मागितलीही नाही नीट. पाय चेपत राहिले. वाटलं, उद्या बोलू. उद्या त्यांना ग्लानी होती, आणि परवा निखिलचा तो फोन.

तेरवीनंतर निखिल पुण्याला गेला, आणि मागच्या आठवड्यात वरची खोली आवरायला परत आला. तोवर मी वर गेले नव्हते. गुडघे दुखतात असं सांगत होते. तो म्हणाला, "काकू, तुम्ही आल्याशिवाय मी कपाट उघडणार नाही," म्हणून गेले. साड्या झाल्या, कागद झाले, औषधं मी एका पिशवीत भरली. माझा बिस्किटांचा डबाही त्याच पिशवीत रिकामा केला. मग स्वयंपाकघर. निखिलनं फ्रिज उघडला. महालक्ष्म्यांपासून तो तसाच चालू होता. खालच्या फळ्यांवर सगळं दाटीवाटीनं कोंबलेलं, सुकलेली कोथिंबीर, बुरशी आलेलं दही, वाटीवर वाटी. वरची एक फळी मात्र पूर्ण रिकामी. घासून घासून काच चकचकीत केलेली. तिच्यावर हिरवा, लाल काठाचा, कोरा खण अंथरलेला. कडेला हळदीकुंकवाची दोन बोटं ओढलेली, थंडीनं गोठून तशीच राहिलेली.

मी म्हटलं, "हे काय रे?"

तो म्हणाला, "आई दर वर्षी करायची न काकू. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी सगळं खाली कोंबून ही फळी उकळत्या पाण्यानं धुवायची, नवा खण टाकायची. त्या आठवड्यात घरात अंडंसुद्धा येऊ द्यायची नाही. मी लहानपणी विचारलं होतं, कोणासाठी आहे? तर म्हणाली, खालून पाहुण्या आल्या तर जागा पाहिजे. दोन-तीन दिवस वाट पाहायची, मग खण उचलून परत दही-भाजी मांडायची." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

यंदा खण उचलायला ताई उठल्याच नव्हत्या.

निखिल बटणाकडे हात नेत म्हणाला, "बंद करू?" मी नको म्हटलं. खालचं नासलेलं सगळं काढून फेकलं, फळ्या पुसल्या, वरच्या फळीला हात लावला नाही. दार लावलं आणि कठडा धरून खाली उतरले. उतरताना मोजल्या, सतरा पायऱ्या आहेत. पान हातात घेऊन मी कितीही सावकाश चढले असते तरी दोन मिनिटांच्या वर लागली नसती.